मण्यांच्या थरात अभिसरण सुरू होताना पकडणं: माझा अनुभव

सच्छिद्र थर खालून तापवला, तर त्यातलं पाणी कधी फिरू लागतं, याचं गणित जुनं आहे. हॉर्टन आणि रॉजर्स यांनी १९४५ मध्ये आणि लॅपवुडने १९४८ मध्ये ते मांडलं: रेले संख्या (तापलेल्या पाण्याची वर जायची ओढ तिला रोखणाऱ्या गोष्टींच्या तुलनेत किती, ते सांगणारा आकडा) चार पाय-वर्ग (4π²), म्हणजे ३९.५ ओलांडली की अभिसरण, म्हणजे पाण्याचं फिरणं, सुरू. तोवर उष्णता नुसत्या वहनाने वर जाते. मला हा उंबरठा प्रयोगात गाठायचा होता. अभिसरण घडवणं सोपं असतं. त्याआधी ते घडू न देणं अवघड, आणि बहुतेक वेळ त्यातच गेला.

पेटी ३० × ३० सें.मी.ची, थराची उंची ५ सें.मी. भिंती १० मि.मी. अ‍ॅक्रिलिकच्या, वर-खाली अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या. खालच्या पट्टीला डीसी हीटर, वरच्या पट्टीतून थर्मोस्टॅटच्या टाकीतलं पाणी फिरतं. आत ३ मि.मी.चे काचेचे मणी, साधारण ७ किलो, आणि पावणेदोन लिटरच्या आत पाणी. दोन्ही वजनं नोंदवली की सच्छिद्रता, म्हणजे थरातला मोकळ्या जागेचा वाटा, निघते, माझी ०.३८ आली.

पारगम्यता, म्हणजे थर पाण्याला किती सहज वाट देतो ते, मण्यांचा व्यास आणि सच्छिद्रता वापरणाऱ्या कोझेनी-कारमन सूत्राने ०.००७१ चौ. मि.मी. येते. ती मोजून खात्री करायला गेलो आणि पहिला घोळ झाला. या मण्यांतून पाणी इतकं सहज जातं, की ५ सें.मी. लांबीवर १ सें.मी. पाण्याचा दाब दिला तरी मण्याच्या व्यासावर काढलेली रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहाचा जडत्वाचा जोर चिकटपणाच्या तुलनेत किती, ते) १च्या कितीतरी पट वर जाते. डार्सीचा नियम (प्रवाह दाबाच्या प्रमाणात वाढतो) ही संख्या १च्या आसपास असतानाच ढासळू लागतो, त्यामुळे आलेली पारगम्यता खोटी, खऱ्यापेक्षा कमी. उपाय ग्लिसरीन. ५ सें.मी. व्यासाच्या उभ्या नळीत तेच मणी भरून ग्लिसरीन स्वतःच्या वजनाने उतरू दिलं, तर मिनिटाला साधारण ११ मि.लि. मिळतं आणि प्रवाह डार्सीच्या मर्यादेत आरामात राहतो. फक्त तापमान दशांश अंशापर्यंत नोंदवा, कारण ग्लिसरीनची श्यानता (चिकटपणा) अंशामागे सुमारे ८ टक्क्यांनी बदलते. शिवाय ते हवेतली ओल ओढतं, म्हणून बाटली उघडी ठेवू नये.

आता भरणी. पाणी उकळून, झाकून थंड केलेलं हवं. नाहीतर तापताना विरघळलेली हवा बुडबुडे होऊन वरच्या पट्टीखाली बसते. आधी पाणी, मग त्यात मणी. उलट केलं की मण्यांमध्ये हवा अडकते. पेटीला ठोकत राहायचं, झाकण बसवल्यावर पुन्हा ठोकायचं आणि बाजूच्या छिद्रातून मणी आत जायचे थांबेपर्यंत भरत राहायचं. हे कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका. मणी बसून वर १ मि.मी.ची फट राहिली, तर त्या फटीची पारगम्यता थराच्या बारापट होते. पाण्याला आडवं सरकायला तो मोकळा रस्ताच. भिंतीवर बाहेरून टॉर्च मारला की फट दिसते.

पेटी समपातळीत हवी. थोडी कलली तरी उंबरठ्याच्या खूप आधी पाणी मंदपणे फिरू लागतं, आणि हीटरची उष्णता आणि दोन पट्ट्यांच्या तापमानातला फरक यांच्या आलेखात उंबरठ्यापाशी तीक्ष्ण वळणाऐवजी गोलसर वाक येतो. तसा वाक दिसला की सूत्रावर शंका घेण्याआधी स्पिरिट लेव्हल लावावी.

सरासरी तापमान ३० अंश धरलं, तर हिशेबाने उंबरठा खालच्या-वरच्या पट्टीतल्या ६.१ अंश फरकावर येतो. त्या वेळी थरातून जेमतेम साडेनऊ वॅट जातात. त्यामुळे कुठेही अर्धा वॅट निसटला की मोजमाप गेलं. अ‍ॅक्रिलिकच्या भिंतीच पाव वॅटहून जास्त वर नेतात. ते वजा करावं लागतं. हीटरखाली फोम आणि त्याखाली दुसरी तापवलेली पट्टी ठेवली. दोहोंतला फरक शून्य राखला की उष्णतेला खाली जायचं कारणच उरत नाही. खोलीही ३० अंशांवर ठेवली. मग भिंतीचा खालचा अर्धा भाग जितकं गमावतो, जवळपास तितकंच वरचा अर्धा भाग कमावतो.

बाहेरून काचलोकर. तीही सच्छिद्रच, मग तिच्यात हवा का फिरत नाही? १० सें.मी. जाडीत ३० अंशांचा फरक असला, तरी तिची रेले संख्या एकच्याही खाली राहते.

सहा अंश मोजायला दोन सुटे थर्मोकपल (दोन धातूंच्या जोडाने तापमान मोजणाऱ्या तारा) चालत नाहीत. प्रत्येकाची चूक अर्धा ते एक अंश असू शकते. ते एकमेकांना उलटे जोडून थेट फरक वाचावा, किंवा चार तारांचे पीटी-१०० (प्लॅटिनमच्या रोधावरून तापमान सांगणारे संवेदक) एकाच टाकीत आधी ताडून घ्यावेत.

पहिली फेरी पेटी उलटी करून, म्हणजे हीटर वर. तेव्हा अभिसरण अशक्य, त्यामुळे थराची वाहकता शुद्ध मिळते, अंदाज ०.८६ वॅट प्रति मीटर-अंश होता. सुलटी केल्यावर फट पुन्हा तपासायची, मणी सरकलेले असतात.

मग अर्ध्या-अर्ध्या वॅटच्या पायऱ्या. थराचा औष्णिक कालावधी, म्हणजे उष्णता थरभर पसरायला लागणारा वेळ, सव्वादोन तासांचा आहे, म्हणून प्रत्येक पायरीला पाच तास दिले. घाईत घेतलेल्या वाचनात अजून न तापलेला थर अभिसरणासारखा भासतो, कारण हीटरची उष्णता थर तापवण्यात जाते आणि फरक मागे राहतो. प्रत्येक पायरीला वरची पट्टी तेवढीच थंड करावी, म्हणजे सरासरी ३०च राहील. नुसती खालची तापवत गेलं, तर सरासरीच्या दर अंशामागे रेले संख्या आणखी पाचेक टक्क्यांनी फुगते: पाणी जास्त प्रसरण पावतं आणि पातळही होतं. सरासरी २० अंश असती, तर उंबरठ्याला ११ अंशांचा फरक लागला असता.

वळण ६.४ अंशांवर आलं, उतरतानाही तिथेच. त्याआधीची सहा वाचनं एका सरळ रेषेत बसली, आणि मला खरा भरवसा त्यांच्यामुळेच वाटला.