वांग्याच्या पानामागचे शिकारी

गॅलरीतल्या वांग्याची पाने फिकट ठिपक्यांनी भरली, तेव्हा मी घाईने पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक फवारले आणि काही आठवड्यांतच हे ठिपके पाडणारे लाल कोळी (पानांचा रस शोषणारे सूक्ष्म जीव, इंग्रजीत माइट) पूर्वीपेक्षा जास्त झाले. या औषधाने लाल कोळी फारसे मरत नाहीत, मरतात ते त्यांना खाणारे परभक्षी कोळी, हे मला नंतर वाचनातून कळले. (मुंबईत 'कोळी' म्हटले की आधी मासळीबाजार आठवतो, पण इथे ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते अर्धा मिलिमीटरही भरत नाहीत.)

पान उलटून भिंगातून पाहिले तर लाल कोळी जाळ्यात संथपणे रस शोषत बसलेला असतो, आणि फायटोसेइडी कुळातला परभक्षी मात्र तुकतुकीत, फिकट, पेअरच्या आकाराचा, शिरांच्या कडेने झपाट्याने धावणारा असतो. त्याला डोळे नसतात. पुढच्या पायांनी चाचपडत आणि कोळी लागलेल्या झाडातून सुटणाऱ्या वासाचा माग काढत तो भक्ष्यापर्यंत पोहोचतो, मग चिमट्यासारख्या मुखावयवांनी त्याला भोसकून आतला द्रव शोषून घेतो. अंडीही ओळखता येतात: लाल कोळ्याचे अंडे गोल, परभक्ष्याचे लांबट आणि मोठे.

सगळ्या परभक्ष्यांची भूक मात्र सारखी नसते. १९९७ मध्ये मॅक्मर्ट्री आणि क्रॉफ्ट या अभ्यासकांनी आहारावरून त्यांचे चार गट पाडले. फायटोसेइउलस पर्सिमिलिस ही पहिल्या गटातली जात जाळी विणणाऱ्या कोळ्यांवरच जगते आणि ते संपले की उपाशी मरते किंवा निघून जाते. भारतात आढळणारा निओसेइउलस लाँगिस्पायनोसस हाही प्रामुख्याने त्याच कोळ्यांची शिकार करतो. अँब्लिसेइअस स्वर्स्की फुलकिडे (थ्रिप्स ही बारीक कीड), पांढऱ्या माशीची अंडी आणि परागकण असे सारे खातो, तर युसेइअस वंशातल्या जातींचे परागकणांवरही चांगले भागते.

चार कुंड्यांच्या बागेसाठी मला हे शेवटचे दोन प्रकार अधिक भरवशाचे वाटतात. एकाच भक्ष्यावर जगणारा अधाशी विशेषज्ञ प्रादुर्भाव लवकर आटोक्यात आणतो हे खरे, पण शिकार संपताच झाड राखणीविना राहते. सर्वभक्षी मात्र परागांवर तग धरून पुढच्या हल्ल्यापर्यंत तिथेच थांबतो. प्रयोगशाळांमध्ये परभक्षी कोळी पोसण्यासाठी एरंडाचे पराग वापरतात, आणि एरंड आमच्याकडे रेल्वेच्या रुळांलगत आपोआप उगवतो. त्याचे पराग मी वांग्यावर चिमूटभरच झटकतो, कारण तेच पराग फुलकिड्यांनाही आवडतात. गेल्या आठवड्यात वांग्याच्या एका पानामागे, मधल्या शिरेच्या लवेत, दोन लांबट अंडी दिसली. ते पान मी खुडले नाही.