खिद्रापूर, वाडी आणि दीड किलो बर्फी

दोन वर्षं झाली हिला जाऊन, आणि मी कुरुंदवाडला फिरकलोच नव्हतो. सासुरवाडी खरी, पण जावयाने एकट्याने कशाला जायचं. शेवटी लेकीनेच महालक्ष्मीची तिकिटं काढली, म्हणाली, "बाबा चला, आईच्या गावाला जाऊन येऊ."

पहाटे मिरजेला उतरलो, तिथून नरसोबाची वाडी, घाटावर पाय बुडवले, दर्शन झालं. वाडीवर लिहिणारे ढिगाने आहेत, मी काय वेगळं लिहिणार. कृष्णा अगदी शांत होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हीच कृष्णा नि पंचगंगा सासूबाईंच्या घरात शिरली होती आणि आमची ही मुंबईत नाइटला, आयसीयूत. रजा मिळेना. मधेच जिन्यात जाऊन गावाला फोन लावायची, लागायचा नाही, मग डोळे पुसून परत आत, "काका, जरा कुशीवर वळा बघू."

मग रिक्षा करून खिद्रापूर. रिक्षावाल्याने विचारलं, "पावणं कुठलं?" म्हटलं कुरुंदवाडचा जावई. गड्याने लगेच पन्नास रुपये कमी केले!

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढे स्वर्गमंडप, ४८ खांब, मधोमध छत गोल उघडं, वर नुसतं आभाळ आणि बरोबर त्याच्याखाली गोल शिळा. मान वर केली तर चष्मा घसरला, काडीला हिने लावलेली मायक्रोपोर टेप सुटत आलीय. हिच्या पर्समध्ये एकवेळ कंगवा नसेल पण ती टेप असायचीच, पोरीच्या वह्या, रिमोटचं झाकण, गॅसचं पुस्तक, सगळ्याला तीच. लेक म्हणते नवीन फ्रेम घ्या. बघू.

इथे महादेवापुढे नंदी नाही. सती नंदीवर बसून माहेरच्या यज्ञाला गेली ती परत आलीच नाही, देव कोपले म्हणून कोपेश्वर, आणि नंदी तिकडे कर्नाटकात यडूरला. लग्नानंतर पहिल्यांदा आलो तेव्हा हिनेच ही गोष्ट सांगितली होती, खांबाला टेकून, आणि वर म्हणाली, "बायको माहेरी गेली की देवसुद्धा चिडतात, तुमचं काय घेऊन बसलात." चिडायचो मी, खोटं कशाला बोलू. दिवाळीत हिची ड्युटी लागली की दोन-दोन दिवस अबोला. कोपेश्वराची समजूत काढायला विष्णू आले म्हणे, गाभाऱ्यात त्यांचं दुसरं लिंग आहे, धोपेश्वर. माझी समजूत काढायला हीच यायची, सकाळी नाइट संपवून, चपला काढायच्या आधी गॅसवर चहाचं आधण.

परत येताना वाडीत कवठाची बर्फी घेतली. सवयीने दीड किलो सांगून बसलो, अर्धा घरी आणि किलो वॉर्डात हा हिचा हिशोब. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि दुकानदाराला म्हणाली, "किलोचं वेगळं पॅक करा."

सोमवारी देऊन येईन. जरा लवकर गेलं की नाइटवाल्या पण भेटतात.