चिबीत म्हातारपण ठेवायचं कुठे?

चिबी म्हणजे जपानी कॉमिक्स आणि अ‍ॅनिमे कार्टूनमधली, मोठ्या डोक्याची आणि इवल्याशा शरीराची आकृती. ती शिकायला येणाऱ्या नव्या माणसाला पहिल्या तासाला मी एकच गोष्ट पक्की करून देते: आधी डोकं मोजा. १२ सेंटिमीटरची उभी रेघ मारायची आणि तिचे मधोमध दोन भाग करायचे. वरचे ६ सेंटिमीटर डोक्याचे, खालचे ६ बाकी सगळ्या शरीराचे, आणि त्यातले निम्मे धडाला, निम्मे पायांना. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते, नुकत्या जन्मलेल्या बाळाची चार. चिबी दोन ते तीन डोक्यांतच संपते. म्हणजे बाळपण जितकं ताणता येईल तितकं ताणून काढलेलं हे रूप आहे. मग त्यात ऐंशी वर्षांची बाई बसवायची कशी, हा पेच एका रविवारी वर्गात उभा राहिला आणि तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

बँकेत नोकरी करणारी एक मुलगी आमच्या नवशिक्यांच्या वर्गाला येते. आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि पाहुण्यांना भेट म्हणून फ्रिजवर लावायचं मॅग्नेट द्यायचं घरात ठरलं होतं. चित्र आजीचंच, चिबी रूपात, उंची ६ सेंटिमीटर. फोटो तिने आणला होता: इरकलची नऊवारी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, घट्ट अंबाडा, जाड काड्यांचा चष्मा, नथ आणि तोंडभर हसू. आधी तिने तो फोटो एका अ‍ॅपमध्ये टाकून पाहिला होता. अ‍ॅपने सुरकुत्या पुसून आजीला तिशीची करून टाकलं. माणूस ओळखून काढायचा असतो तिथे ही अ‍ॅप्स काही कामाची नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

चित्र कागदावर मॅग्नेटच्या दुप्पट, १२ सेंटिमीटरचंच काढायचं होतं. तिचं पहिलं चित्र नियमांत चोख होतं. डोकं उंचीपेक्षा किंचित रुंद, साडेसहा सेंटिमीटर. डोळ्यांची वरची कड डोक्याच्या मध्यरेषेवर, डोळे दीड सेंटिमीटर उंच, दोन डोळ्यांत दीड डोळ्याचं अंतर, नाकाच्या जागी टिंब, खांदे डोक्याच्या रुंदीच्या निम्मे. आणि दिसत होती शाळेच्या स्नेहसंमेलनात नऊवारी नेसलेली सहा वर्षांची मुलगी. म्हणून तिने फोटोत बघून सुरकुत्या घातल्या, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत दोन आणि कपाळावर तीन. वर्ग गप्प झाला. ती स्वतःच म्हणाली, "मॅडम, ही आजी नाही. हिची भीती वाटतेय."

असं का होतं ते सांगते, कारण यूट्यूबवरच्या ‘पाच पायऱ्यांत चिबी’ छापाच्या व्हिडिओंत हे कुणी सांगत नाही. तिथे गोल कसा काढायचा ते दाखवतात, पण तो गोल का चालतो हे सोडून देतात. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी १९४३ साली बाळांच्या चेहऱ्याची जी लक्षणं मांडली, ती म्हणजे मोठं डोकं, उंच कपाळ, मध्याच्या खाली बसलेले मोठे डोळे, फुगीर गाल आणि आखूड जाड हातपाय. चिबी नेमक्या याच लक्षणांवर उभी असते. कपाळ मोकळं आणि गालाची रेघ कानापासून हनुवटीपर्यंत सलग, हे तिचे दोन खांब. नाकापासून ओठापर्यंतची सुरकुती गालाचे दोन तुकडे करते, कपाळावरच्या रेघा मोकळी जागा खाऊन टाकतात. डोळे मात्र बाळाचेच राहतात. पाहणाऱ्याला एकाच चेहऱ्यात दोन वयं दिसतात आणि ती एकमेकांशी भांडतात.

या मुलीला इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. आपल्याकडच्या रेखाकला परीक्षांनी हाताला वळण चांगलं लागतं, वस्तुचित्र काढून नजर तयार होते, हे मी मान्य करते. पण त्या तयारीत ‘दिसतं ते सगळं घाल’ ही सवय इतकी मुरते की काय गाळायचं हे ठरवायची वेळ आली की हात अडतो. वर्गातल्या ज्या काकांनी शाळा सुटल्यापासून पेन्सिल धरली नव्हती, त्यांना चिबी लवकर जमली. ए ग्रेडवाल्यांना मात्र वेळ लागतो. हे मी वारंवार पाहते आणि परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांनी यावर विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

मग आम्ही चेहरा बाजूला ठेवला आणि बाह्यरेषेपासून सुरुवात केली. चित्र पूर्ण काळं भरलं, आत काही दिसलं नाही, तरी आजी ओळखू यायला हवी. इथे पहिली अडचण केसांची. मोकळे केस असले की कवटीच्या वर ५ ते ८ मिलिमीटरची भर पडते आणि डोकं आपोआप मोठं वाटतं. तेल लावून चापून बसवलेल्या केसांत ती भर जेमतेम २ मिलिमीटर. त्यामुळे मोजून काढलेलं डोकंही लहान दिसायला लागतं. उपाय एकच, कवटीच वाढवायची. आम्ही डोकं सव्वासहा सेंटिमीटर केलं आणि धड तेवढंच कमी केलं. अंबाडा समोरून दिसत नाही, पण न दाखवून चालणार नव्हतं, म्हणून तो डोक्यामागून एका बाजूला सव्वा सेंटिमीटर बाहेर काढला. नवशिके अंबाडा डोक्याच्या वर ठेवतात आणि आजीची अ‍ॅनिमेतली शाळकरी मुलगी होते.

दुसरी गोष्ट पाठीचा बाक. दोन डोक्यांच्या शरीराला वाकवायला पाठच नसते. समोरून बाक दाखवायचा तर मान काढून टाकायची आणि हनुवटी खांद्यांच्या रेषेखाली ३ मिलिमीटर उतरवायची. एवढ्यानेच दहा-वीस वर्षं वाढतात. गालाचा सगळ्यात फुगीर भाग एरवी डोळ्याच्या खालच्या कडेशी असतो, तो ३ मिलिमीटर खाली जबड्याकडे सरकवला. रेघ सलगच ठेवली, फक्त वजन खाली आलं. सुरकुत्या म्हणून काय ठेवलं तर डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी दोन-दोन छोट्या रेघा, चार मिलिमीटरच्या, शेवटाला बारीक होत गेलेल्या. त्या हसण्याच्या वाटतात आणि गालाला कुठे कापत नाहीत.

नऊवारीत नवशिके हमखास घसरतात. निऱ्या खऱ्या मोजून काढायला गेलात तर ३ सेंटिमीटरच्या पायांत रेघांचं जाळं होतं. समोरच्या निऱ्यांना तीन रेघा पुरे, वर जवळ, खाली फाकलेल्या. काष्टा मागून दिसतो, पण समोरून दोन पाय वेगळे दिसले की साडी नऊवारी आहे हे कळतं. ते वेगळे दाखवलेच पाहिजेत, नाहीतर घागरा होतो. काठ खऱ्या प्रमाणात ८ मिलिमीटर येतो. आम्ही तो १ सेंटिमीटर केला आणि आतली नक्षी पूर्ण गाळून एकच आडवी रेघ ठेवली, कारण मॅग्नेटवर सगळं निम्मं होणार होतं. याच कारणाने बाहेरची रेघ ०.५ चं पेन दोनदा फिरवून जवळपास १ मिलिमीटर जाड केली. एकेरी रेघ छापून पाव मिलिमीटरची उरते आणि इरकलच्या गडद रंगात बुडून जाते.

नथ. नाकच टिंबाएवढं, तर नथ अडकवायची कशाला? डाव्या नाकपुडीची, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे, टिंबापासून २ मिलिमीटरवर तीन मोत्यांचे ठिपके आणि एक लाल. नथ अडकवायचा आकडा काढायचाच नाही. मोठी केली की ती ओठांवर येते आणि हसू झाकलं जातं.

आता डोळे. चष्मा घातला की दीड सेंटिमीटरच्या डोळ्याला दोन सेंटिमीटरची काच लागते. दोन काचा आणि मधली दांडी मिळून अख्खा चेहरा व्यापला जातो, गाल गायब. मी बटर पेपर काढला. जपानी नेंडोरॉइड बाहुल्यांचे, त्या दहा सेंटिमीटरच्या, चेहरे बदलता येतात, तसंच आम्ही करतो: खाली शरीर एकच, वर बटर पेपरवर वेगवेगळे चेहरे ठेवून पाहायचे. खोडरबराने कागद खराब होत नाही आणि नवशिक्याची भीती जाते. तिसऱ्या बटर पेपरवर तिने डोळे मिटलेले काढले. नुसत्या दोन कमानी, सव्वा सेंटिमीटर रुंद, खाली वळलेली टोकं. चष्मा लहान झाला, नाकावर खाली उतरला, गाल परत आले. अख्ख्या वर्गाने एका सुरात "आजी!" म्हटलं.

तिने तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला. आई बघत राहिली, हसली आणि म्हणाली, "आईच आहे गं. पण तिचे घारे डोळे कुठे गेले?"

फोटोत हसताना डोळे बारीक झालेले, त्यामुळे रंग आम्हाला कुणालाच दिसला नव्हता. घरात मात्र आजी ओळखली जाते ती त्या डोळ्यांवरून. डोळे पूर्ण उघडले की पुन्हा मुलगी होते, मिटले की घरच्यांची आजी हरवते. शेवटी मधली वाट काढली. वरची पापणी जड आणि सरळ, बुबुळाचा वरचा तिसरा भाग तिच्याखाली झाकलेला, म्हणजे उघडा डोळा फक्त १ सेंटिमीटर. चमकेचा ठिपका एकच आणि लहान. दोन मोठे ठिपके दिले की वय लगेच उतरतं. चष्म्याची फक्त खालची कड काढली, करड्या रंगात, बुबुळाला न छेदता.

चित्र म्हणून मला मिटलेल्या डोळ्यांचं आजही सरस वाटतं. त्यात एकही रेघ जास्तीची नाही. पण चिबी म्हणजे नुसतं गोड दिसणं नव्हे, डोकं मोठं करताना त्या माणसाची खूणही मोठी व्हायला हवी, असं मीच शिकवते, आणि त्या हिशेबाने आई बरोबर होती. चांगलं चित्र आणि खरं माणूस यांत निवड करायची वेळ नवशिक्यावर इतक्या लवकर यावी का, हेही मला कळत नाही. दुसऱ्याच आठवड्यात अर्ध्या वर्गाने आपापल्या आजी-आजोबांचे डोळे मिटून आणले होते, कारण ते सोपं आणि गोड दिसतं. मी त्या प्रत्येकाला एकच विचारलं: त्यांचे डोळे कसे आहेत?

मुलीने अर्ध्या पापणीचंच चित्र छापायला दिलं. पहिल्या नमुन्यात घारा रंग मातकट आला. ५ मिलिमीटरच्या डोळ्याला काळी कड असली की आतला हलका रंग तिच्यात दबतो. कड गडद तपकिरी केली, फक्त पापणी काळी ठेवली, बुबुळाच्या खालच्या भागात पिवळसर हिरव्याची एक फिकट पट्टी दिली, आणि दुसऱ्या नमुन्यात डोळे घारे दिसले.