माझ्या फियाटचा चेसिस नंबर

जुनी फियाट बघायला गेलं की लोक दारं ठोकून पत्रा तपासतात, इंजिनचा आवाज ऐकतात. मी आधी बॉनेट उघडून आरसी बुकातला नंबर गाडीवर शोधला. गाडी 1968 ची, फियाट 1100 डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. हिला वेगळी चेसिस नाहीच, बॉडी हाच सांगाडा. नंबर ठोकलाय इंजिनामागच्या पत्र्यावर, आणि नेमका तोच पत्रा खालून गंजलेला.

आरसीत 8 होता तिथे पत्र्यावर 3 दिसत होता. कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा 8 उमटला. इंजिन मधल्या काळात बदललेलं होतं, पण आधीच्या मालकाने आरसीत तशी नोंद करून घेतली होती. देव त्यांचं भलं करो, अशी माणसं विरळाच! चोरीच्या गाड्यांच्या यादीत हे नंबर नाहीत, अशी एनसीआरबीची (देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी विभागाची) एनओसी काढली आणि मगच पैसे मोजले.

गॅरेजात मिस्त्रींनी सोपा मार्ग सुचवला. "साहेब, भंगारात एक पद्मिनी उभी आहे, तुमच्याच गाडीचं पुढचं मॉडेल. तिचा अख्खा पत्रा बसवतो. तिचा नंबर घासून तुमचा ठोकू, पंच आहेत माझ्याकडे."

त्यांच्या मनात खोट नव्हती. पण चोरीची गाडी खपवणारेही हेच करतात, आणि पकडलं गेल्यावर फरक कोण ऐकून घेणार? शिवाय घासलेला नंबर पुरता जात नाही. पंच मारताना अंकाखालचं लोखंडही दाबलं जातं. वरचा थर घासून काढला तरी फॉरेन्सिकवाले आम्ल लावून जुने अंक वर आणू शकतात. हे ऐकून मिस्त्री जरा वेळ काही बोलले नाहीत. भंगारातून शेवटी फक्त दारं घेतली, तीही पावतीसकट.

कापाकापीआधी आरटीओत अर्ज दिला. सोबत फोटो, पेन्सिल प्रिंट आणि कुठला भाग कापणार त्याचं रेखाटन. आरसीतला तपशील कारखान्याने मुळात ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे करता येत नाही. माझी तर नुसती दुरुस्ती होती. तरी आवक शिक्क्याची प्रत हाताशी हवी होती. एजंट म्हणाला, "कशाला उगाच त्यांच्या डोळ्यावर येता?" मला डोळ्यावर यायचंच होतं.

नंबर असलेला पट्टा जागेवरून हलवायचा नाही, एवढं मिस्त्रींकडून कबूल करून घेतलं. गंज त्याच्या खालून कापला. नवा तुकडा जोडताना पत्रा तापून वाकू नये म्हणून थांबत थांबत वेल्डिंगचे टाके मारले. ब्लास्टिंगच्या वेळी, म्हणजे वाळूसारख्या कणांचा मारा करून जुना रंग आणि गंज काढताना, नंबरावर जाड पट्टी बांधली. तिथला जुना रंग पेंट रिमूव्हर आणि मऊ ब्रशने काढला. ग्राइंडर नाही, पुट्टी नाही, वर प्रायमरचा एक पातळ हात. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला. मिस्त्री वैतागले, पण चालायचंच.

नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत नेली. तपासणीला निरीक्षकांनी टॉर्च मारून नंबर वाचला, नवी प्रिंट घेतली आणि अर्जासोबतच्या प्रिंटशी ताडून पाहिली. हल्लीच्या गाड्यांचे नंबर 17 अक्षरी, हिचा त्याहून आखूड, म्हणून खिडकीवर थोडी हुज्जत झाली. आरसी बुक पुढे केल्यावर ती मिटली.

गाडी 50 वर्षांपुढची असल्याने 2021 च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठीही अर्ज करता आला असता. पण त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल असल्या कामांपुरतीच रस्त्यावर काढता येते. मी साधं 5 वर्षांचं नूतनीकरण घेतलं. मला तिच्यातून भाजी आणायला जायचंय.