फिल्ममध्ये वाघ आहे का?

सह्याद्रीतल्या चांदोलीच्या जंगलावर फिल्म करतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: वाघ दाखवणार ना? २०२५च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून वाघीण आणल्यापासून तर जरा जास्तच. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो. दिसला तर घेईन. पण फिल्म आहे पडीक शेतांवर.

चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१०मध्ये कोयना अभयारण्यासोबत सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. या सगळ्यात आतली गावं उठली. माझ्या आजीचं माहेर त्यांतलंच. भात, नाचणी, वरी पिकवणारी माणसं खाली सपाटीला नेऊन बसवली. कुणाला जमीन मिळाली, कुणी अजून कागद घेऊन फिरतंय. मागे राहिली घरांची जोती, रायवळ आंबे आणि बांध घातलेली वावरं.

त्या वावरांत आज गवत आहे आणि गवतावर गवे, सांबरं. इतक्या पावसाच्या दाट जंगलात चरायला मोकळी जागा मुळात कमी. ती इथल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या नांगर धरून करून ठेवली होती. वाघ टिकायचा तर आधी गवा-सांबर हवेत, त्यांना गवत हवं, आणि गवताची जागा म्हणजे आमची जुनी शिवारं.

माणूस निघाला की रान आपसूक परततं, असं शहरात बसून वाटतं. परततं, पण कुठलं? पडीक वावरात रानमोडी घुसते, घाणेरी घुसते, कडेनं करवंद आणि कारवी पुढे सरकत येते. काही वर्षांत गव्याचं तोंड शिरणार नाही अशी दाटी होते. म्हणून गवताळ पट्टे राखावे लागतात, तण उपटावं लागतं. कोयता हातात धरून राखलेलं रान, हे मला दाखवायचंय. सड्याला, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराला, मात्र अजिबात हात लावायचा नाही. कातळावर बोटभर माती, उन्हाळ्यात सगळं करपलेलं. ते बघून ‘इथं झाडं लावा की’ म्हणणारे उत्साही लोक हटकून भेटतात. पाऊस सरता सरता सीतेची आसवं आणि गेंद फुलतात ते त्याच बोटभर मातीवर. तिथे खड्डे खणणं म्हणजे शुद्ध नासधूस.

आखणी करताना नडतोय तो पाऊस. जंगल सगळ्यात भरात असतं तेव्हाच उद्यान पर्यटकांना बंद. चित्रीकरणाची परवानगी वेगळी, ड्रोनची त्याहून वेगळी. शिवाय लेन्सला बुरशी आणि पायाला जळवा. कारवीचं तर विचारूच नका. सात वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. फुललेल्या उतारावर फिल्म संपवायचा मोह होतो, पण सात वर्षं थांबेल असा निर्माता कुठे असतो? आमचा तर नाहीच थांबणार, कारण तो मीच आहे.

तेव्हा सुरुवात जंगलात नाही, पुनर्वसन वसाहतीत. आजी आता नाही, तिची भावजय आहे, आमची मामीआजी. तिला मोबाइलवर एका गवताळ पट्ट्याचा फोटो दाखवला. ‘गवत बघ कसं माजलंय,’ म्हणालो. तिनं चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला.

‘गवात कुठलं? आमचं खळं हाय त्ये. त्यो आंबा दिसतोय न्हवं, त्याच्या म्होरं तिवडा हुता.’

तिवडा म्हणजे खळ्याच्या मधला मळणीचा खांब. मग बैलांची नावं, त्याच्याभोवती मळणीची पात धरली की कोण कुणामागं चालायचा, सगळं आलं. आता तिथं गवे चरतात, त्यांच्यासाठी ते गवत राखतात, हे ऐकल्यावर ती थोडा वेळ फोटोच बघत राहिली.

‘आमास्नी उठिवलं, आन् त्यास्नी गवात राखत्यात व्हय!’

परवानगीच्या अर्जासोबत जी संहिता जोडायची, तिच्यात हे वाक्य ठेवावं की गाळावं, यावरून घरात दोन तट पडलेत. मी ठेवणार आहे.