सिल्लेवानीचा पाऊस आणि बर्डीतला टूथब्रश

लिहायचं होतं पचमढीबद्दल. चार दिवस होतो, धूपगडावर ढगांशिवाय काही दिसलं नाही आणि माकडाने बिस्किटांचा पुडा नेला. झालं पचमढी.

परतीच्या वाटेवर छिंदवाड्याहून नागपूरकडे निघालो तेव्हा कडक ऊन होतं. बाईकच्या हँडलवरचा, रस्ता दाखवणारा नॅव्हिगेटर हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला. सिल्लेवानीच्या घाटात पावसाने गाठलं. पाऊस कसला, कुणीतरी वरून बादल्या ओतत होतं. रेनकोटाच्या गळ्यातून पाणी थेट बनियनपर्यंत. मी निर्धास्त होतो तो फक्त नॅव्हिगेटरच्या बाबतीत. खोक्यावर ‘आयपीएक्स ७’ छापलेलं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाणार नाही. फोन असताना हे वेगळं यंत्र कशाला, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवत आलोय. ओल्या फोनला बोट कुठलं न थेंब कुठला ते कळत नाही, बाईकच्या कंपनांनी त्याचा कॅमेरा बिघडतो, जंगलात रेंज जाते. सगळं खरंच आहे.

रामाकोन्याच्या आसपास काचेच्या आतून धुकं चढायला लागलं. मग पडदा आपोआप बटणं दाबू लागला. नकाशा लहान, नकाशा मोठा, जवळचा पेट्रोलपंप, परत नकाशा. सौंसरला पोचेपर्यंत त्याने मला बैतुलला न्यायचं ठरवलं होतं. मी त्याच्याकडे बघणं सोडलं आणि पाट्या वाचत सावनेरमार्गे नागपूर गाठलं.

नागपुरात एकच रात्र काढायची होती, मनीषनगरला कॉलेजातल्या मित्राकडे. राहिलो तीन. आणि आता कबुली. अंघोळ, जेवण झाल्यावर मी तो ओला नॅव्हिगेटर चार्जिंगला लावला. ‘चालू होतोय का बघू’ एवढ्याच विचाराने. दिवा लागला, पडदा क्षणभर उजळला, मग गेला. तापलेल्या प्लास्टिकचा बारीकसा वास आला. मित्राची आई म्हणाली, “अरे बाप्पा, तांदळात ठेव न त्याले. रात्रभरात पाणी ओढते.” आणि स्वतः डबा घेऊन आली. पाहुण्याचं यंत्र म्हणून घरातला चांगला तांदूळ काढला. त्या घरात कशालाही नाही म्हणता येत नाही, तिसऱ्या पोळीला तर नाहीच.

सकाळी कंपनीच्या अधिकृत केंद्राला फोन केला. पाणी गेलेलं यंत्र उघडणार नाही, नवीन घ्या, जुन्यावर सवलत देऊ. सवलतीचा आकडा ऐकून मी फोनच ठेवला. मित्र म्हणाला, बर्डीत जा, मोदी नंबर तीनमध्ये सगळं होते. सीताबर्डी बाजारातल्या त्या गल्लीत मोबाईलवाल्यांची इतकी दाटी आहे की गाडी लावायला जागा शोधण्यातच अर्धा तास गेला. चार दुकानांनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं नि परत दिलं. पाचवं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा लावलेलं भिंग, एक स्टूल. स्टुलावर मी बसलो तो तीन तास.

पहिला प्रश्न, “चार्जिंगले लावलं होतं का?”

मी गप्प.

“लावलं होतं,” तो स्वतःशीच म्हणाला. “पाणी नाही मारत साहेब, करंट मारते.”

मागचे सहा बारके स्क्रू निघाले. गिटारच्या पिकसारख्या प्लास्टिकच्या चिपेने त्याने कडेने फिरत झाकण सोडवलं, घाई न करता. आधी बॅटरीची वायर सुटी केली, मग मेमरी कार्ड. मग आतला सर्किट बोर्ड भिंगाखाली धरून मला बोलावलं. चार्जिंगच्या खाचेपाशी हिरवट बुरशीसारखं काहीतरी. ते तांबं, म्हणाला. पावसाचं पाणी तसं साफ, पण बोर्डावरची धूळ न क्षार त्यात विरघळतात, वरून वीज सोडली की धातू जागा सोडून चालायला लागतो. नुसतं सुकवून उपयोग नाही, पाणी जाते पण घाण तिथंच राहते. मग सुईने त्याने खाचेतून पांढरा कण काढला.

“चिन्नोर आहे का?”

होता. डबा काकूंचा, म्हणजे तांदूळ सुवासिक चिन्नोरच.

मी आयपीएक्सचं प्रवचन सुरू केलं. त्याने मध्ये तोडलं नाही. मग म्हणाला, “हे टाकीतल्या उभ्या पाण्याचं झालं. तुमी ऐंशीने येऊन राहिले, समोरून धार मारते. अन् गरम डब्यावर थंड पाणी पडलं का आतली हवा आकसते, तेच पाणी ओढते आत. पण तरी नसतं गेलं.” रबरी झाकणाच्या खाचेत नखाने दाखवलं. वाळूचा एक कण. पचमढीत धबधब्याच्या काठावर बसून मीच ते झाकण उघडून चार्जिंग केलं होतं.

बाटलीतून त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतलं. तिथे सगळे नुसतं ‘आयपीए’ म्हणतात. पांढरा, केस झिजलेला टूथब्रश. एकाच दिशेने हलक्या हाताने घासत राहिला, मध्येच थांबून भिंगाखाली बघायचा, परत घासायचा. हे सव्वा तास चाललं. विचारलं, एवढी सवय कशी? “तेवीसच्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला न. मोरभवनच्या स्टँडात बसा पाण्यात उभ्या होत्या. दोन महिने मी निरा बोर्डच धुत होतो.”

बोर्ड सुकेपर्यंत मी तर्री पोहे खाऊन आलो. ज्यांना आवडतात त्यांचा आदर आहे. माझ्या डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं आणि पोहेवाला समाधानाने बघत होता.

चार्जिंगची खाच बदलली, रबराला सिलिकॉन ग्रीस बोटाने लावलं. मी विचारलं, खिडकीच्या काचांना लावतात ते सिलिकॉन भरलं तर? तो दचकलाच. “ते नाही! व्हिनेगरचा वास येते न त्याले, ते आम्लच. तांब्याले खाऊन टाकते.” यंत्र चालू झालं. उजवा खालचा कोपरा मात्र मेलेला, बोटाला दाद देत नाही. त्याने सहाशे सांगितले आणि कोपरा सुधारला नाही म्हणून शंभर स्वतःच कमी केले. घासाघीस करायची माझी तयारी होती, ती तशीच राहिली.

लगेच निघू दिलं नाही. डब्यातल्या त्या तांदळाचा काकूंनी गोळाभात केला होता, वर फोडणीचं तेल. मी नॅव्हिगेटरचा विषय काढला नाही, त्यांनीही नाही.

चौथ्या दिवशी पहाटे अमरावती रोडने नाशिककडे निघालो. वाडीपर्यंत ठीक. मग नॅव्हिगेटर मागे वळा, मागे वळा करायला लागला. त्याला मला समृद्धी महामार्गावर न्यायचंय, जिथे दुचाकी चालतच नाही. ‘हा रस्ता टाळा’चं बटण उजव्या खालच्या कोपऱ्यात आहे.