समासातली पेन्सिल

परत आलेल्या पुस्तकांच्या खोक्यात ते सगळ्यात खाली होतं. मोठ्या टायपातली जाडजूड कादंबरी, मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली तरुण मुलगी, मागे मक्याचं शेत. परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी एकदा चाळते. पान फाटलंय का, ओल लागलीय का, खूण म्हणून घातलेलं कुणाचं पत्र आत राहिलंय का. पहिलं कोरं पान उलटलं आणि पेन्सिलीतलं अक्षर दिसलं. बारीक, तिरकं, शाळेत गिरवून घोटलेलं असावं तसं. 'ही टोपी आमच्याकडची नाही. आमची मागून बदामाच्या आकाराची असते.'

पुढे चाळत गेले. दर चार-पाच पानांआड समासात काही ना काही लिहिलेलं होतं.

मी मूळची नगरची. गेली अकरा वर्षं अमेरिकेत, पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर काउंटीत फिरत्या वाचनालयावर काम करते. पुस्तकांच्या फळ्या लावलेली मोठी गाडी, तिच्यावर एक ड्रायव्हर आणि मी. ठरलेल्या वाटेने दर दोन आठवड्यांनी ठरलेल्या थांब्यांवर जातो. त्यातले बरेच थांबे आमिश वस्तीतले आहेत. याकोब अम्मान या पुढाऱ्याच्या मागे १६९३ साली स्विस ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या, मंडळीतून वेगळे झालेले हे ख्रिस्ती लोक. आज उत्तर अमेरिकेत ते चार लाखांच्या आसपास आहेत. घरात विजेची तार घेत नाहीत, दारात मोटार ठेवत नाहीत, मुलांना आठवीपर्यंत शिकवतात. टीव्ही नाही, त्यामुळे वाचन भरपूर. आमची गाडी वळणावर दिसली की मुलं अनवाणी धावत येतात आणि पुस्तकं हातगाडीत भरून नेतात.

कोण काय वाचतं हे बाहेर बोलायचं नाही, हा आमच्या पेशातला पहिला नियम. म्हणून ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारूनच लिहितेय. नाव आणि गाव सांगत नाही.

ती कादंबरी होती आमिश प्रेमकथा. इथल्या वाचनालयांत या पुस्तकांना फळ्याच्या फळ्या लागतात. कॅनडातल्या जॅनेट ओक यांची गवताळ मैदानांवरच्या वसाहतकाळातली ख्रिस्ती प्रेमकथा १९७९ साली आली आणि तिने या बाजाची वाट रुळवली. मग १९९७ मध्ये बेव्हर्ली लुईस यांची 'द शनिंग', म्हणजे 'बहिष्कार', आली. त्या लँकेस्टरच्याच, आणि जुन्या वळणाच्या मेनोनाइट (आमिशांचाच चुलत पंथ) घरातून बाहेर पडलेल्या स्वतःच्या आजीवरून त्यांना ती गोष्ट सुचली होती. त्यानंतर आमिश कथांचा पूर आला. पण लिहिणाऱ्या जवळजवळ सगळ्या बाहेरच्या आणि वाचणाऱ्याही बहुतेक बाहेरच्याच, इव्हँजेलिकल चर्चमधल्या बायका. कथेत शिवी नाही, शयनगृह नाही, फार तर एक चुंबन. प्रेम जुळतं ते विश्वासाचा काहीतरी पेच सुटल्यावर.

या पुस्तकांना नाक मुरडणारे माझ्या ओळखीत खूप आहेत. मला ते कधी जमलं नाही. मी ख्रिस्ती घरातली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची १८५७ सालची 'यमुनापर्यटन' आमच्या घरात होती, आणि तिचा शेवट विधवा यमुनेच्या ख्रिस्ती पुनर्विवाहात होतो. धर्म आणि संसार एकाच गोष्टीत गुंफणं मला परकं कसं वाटणार?

समासातल्या टिपांकडे वळते. बसल्या जागी त्या सगळ्या वाचल्या.

नायिका घाईघाईने अंगरख्याच्या गुंड्या लावते, तिथे लिहिलेलं: 'गुंड्या नाहीत. टाचण्या.' जूनमधल्या शनिवारी लग्न लागतं, तिथे: 'मंगळवार किंवा गुरुवार. पीक घरात आल्यावर. आणि सेलरी कुठे आहे?' लँकेस्टरच्या आमिश लग्नात सेलरीची भाजी हवीच, इतकी की एखाद्या घराने परसात नेहमीपेक्षा जास्त सेलरी लावली की शेजारीपाजारी ओळखतात, या घरची मुलगी यंदा उजवणार. नवरा-नवरी चर्चच्या दारातून बाहेर येतात, तिथे: 'आम्हाला चर्चची इमारत नाही. लग्न घरी लागतं.' अंगठी आणि चुंबन या दोन शब्दांखाली नुसत्या रेघा. 'लोबलीड' या स्तुतिगीताने उपासना सुरू होते असं छापलं होतं, तिथे: 'ते दुसरं गीत.' लग्नातल्या प्रवचनापाशी लिहिलं होतं: 'टोबियास आणि सारा यांची गोष्ट सांगतात, ती विसरली.' ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. ती टोबितच्या पुस्तकात आहे. लूथरच्या जर्मन बायबलमध्ये ते जोडलेलं असतं, आमच्या पवित्र शास्त्रात नसतं.

इथवर मला ते शाळेतल्या वह्या तपासल्यासारखं वाटत होतं. मग दोनशेच्या पुढे कुठेतरी नायिका रात्री कोठारात गुडघे टेकते आणि म्हणते, आता मला पक्कं कळलं, माझं तारण झालं आहे, पापातून सुटका झाली आहे. समासात लिहिलं होतं: 'आम्ही असं म्हणत नाही. आम्ही आशा करतो.'

त्या सात शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले. बाहेरून लिहिलेली आमिश कथा नेमकी कुठे चुकते ते यात होतं. टोपी, टाचण्या, सेलरी या चुका एखादी लेखिका चार दिवस इथे राहून सुधारू शकेल. पण आपलं तारण झालंच आहे असं छातीठोकपणे म्हणणं आमिश माणसाला गर्व वाटतो, 'होखमुट'. न्याय देवाचा, आपण फक्त जिवंत आशा धरायची. कादंबरीतली नायिका टोपी घालते आमिश बाईची आणि प्रार्थना करते लेखिकेच्या चर्चची.

आणखी एक टीप त्याच तोलाची होती. नायिका घर सोडते आणि मंडळी तिला वाळीत टाकते, त्या प्रकरणाच्या आरंभी: 'हिचा बाप्तिस्मा झाला होता का? हे आधी सांगायला हवं.' अख्खी गोष्ट ह्या एका प्रश्नावर उभी असते. आमिशांत बाप्तिस्मा जाणतेपणी, स्वतःच्या तोंडाने वचन देऊन घेतात, बहुधा अठरा ते बावीसच्या दरम्यान. त्याआधी कुणी निघून गेलं तर आईबाप रडतात, पण दार उघडं असतं. दिलेलं वचन मोडून गेलं तर 'माइडुंग', म्हणजे बहिष्कार.

या टिपेनंतरची चाळीसेक पानं कोरी होती. एकही खूण नाही. पेन्सिल पुन्हा दिसली ती शेवटून तिसऱ्या प्रकरणात, घोड्याच्या लगामाबद्दल.

तो नोव्हेंबरचा बुधवार होता. मंगळवारी आणि गुरुवारी लग्नं असल्यामुळे बुधवारीच माणसं घरी सापडतात. पाऊस पडत होता. चौथ्या थांब्यावर ते पुस्तक नेलेल्या बाई उभ्याच होत्या, काळी शाल, काळं बॉनेट, हातात पैशांचं पाकीट. आमिश लोक वयाने मोठ्यांनाही नावानेच हाक मारतात, मीही इंग्रजीत तसंच करते. पण मराठीत लिहिताना हात धजत नाही, म्हणून आजी म्हणते.

"पुस्तकाचे पैसे किती झाले?" आजींनी चढता चढताच विचारलं. "मी त्यात लिहिलंय."

"वाचलं मी," मी म्हटलं. "पण का लिहिलंत, आजी?"

"तूच विचारलं होतंस."

मला आठवेना. त्यांनी आठवण करून दिली. वसंतात, मोठ्या टायपातली दोन पुस्तकं त्यांच्या हातात देताना मी सहज बोलून गेले होते, यात लिहितात ते खरं असतं का हो? त्या म्हणाल्या होत्या, बघून सांगते. मी ते उत्तर टाळण्यासाठीचं समजले होते. आजींनी सहा महिने मनात ठेवलं, एक पुस्तक निवडलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उत्तर लिहून काढलं. लग्नाआधी त्या चार वर्षं एका खोलीच्या शाळेत शिकवत होत्या. पेन्सिल हातात धरून वाचायची सवय तिथली.

"मग खोटं आहे म्हणून वाचायचं सोडणार का?"

"छे. पुढचा भाग आणलायस ना?"

पुढचा भाग मी बाजूला काढूनच ठेवला होता. तो त्यांच्या हातात दिला आणि ती कोरी पानं दाखवली. विचारावं की नाही, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नव्हतं. विचारलं.

आजी फळीला टेकून बसल्या. ड्रायव्हर पुढच्या काचेतून पाऊस बघत राहिला. त्यांचा भाऊ बाप्तिस्म्यानंतर सहा वर्षांनी मोटारवाल्या मंडळीत गेला. कबुलीसाठी परत आला नाही. वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलता येतं, त्याच्या मदतीला धावता येतं. एका टेबलावर जेवता येत नाही, त्याच्या हातून वस्तू घेता येत नाही. "पुस्तकात सगळे ओरडतात," त्या म्हणाल्या. "बाप ओरडतो, मुलगी ओरडते, दार आपटतं. आमच्याकडे कुणी आवाज चढवला नाही. त्या नाताळाला आईने दोन टेबलं मांडली. मध्ये बोटभर फट ठेवली. आणि दोन्हींवर एकच चादर घातली. सकाळी ती चादर तिने दोनदा इस्त्री केली होती."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "चुकलंय तिथे दुरुस्त करता येतं. त्या पानांत काय चुकलंय ते मला एका ओळीत लिहिता येईना. पेन्सिल खाली ठेवली."

मला घरची गोष्ट आठवली आणि मी ती सांगितली. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीने त्यांना वाळीत टाकलं. पंगतीत पान नाही, विहिरीवर दोर नाही. भाऊबीजेला बहीण ताट घेऊन यायची, गोठ्याच्या ओट्यावर ठेवायची आणि दहा पावलं मागे सरायची. पणजोबा ताट उचलायचे, ओवाळणी तिथेच ठेवायचे, मग ते मागे सरायचे. ती मरेपर्यंत हे असंच चाललं. लक्ष्मीबाई टिळकांचंही सांगितलं: नवऱ्याने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, घर मोडलं, काही वर्षं दोघं दोन गावांना राहिली, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'वाळीत टाकणं' हा शब्द आजींनी दोनदा माझ्याकडून वदवून घेतला. महाराष्ट्रात जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकू नयेत म्हणून २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, हेही मी बोलून गेले. आजींनी मान हलवली नाही, नाकारलंही नाही. त्यांच्यासाठी माइडुंग ही हरवलेल्याला परत बोलावण्याची शिस्त आहे. ती त्यांनी कधी मोडलेली नाही, आणि भावाचं दुःखही कधी लपवलेलं नाही. माझं मत वेगळं आहे. जेवणाचं पान नाकारून माणूस जवळ येतो असं मला वाटत नाही. ते मत मी त्या दिवशी गाडीत मांडलं नाही. मांडायला नको होतं असंच आजही वाटतं.

"तुझ्या पणजोबांची बहीण," आजींनी विचारलं, "ताट ठेवून लगेच जायची की थांबायची?"

"थांबायची. ते जेवून होईपर्यंत."

"हो," त्या म्हणाल्या. "तेच."

पैसे मी घेतले नाहीत. पेन्सिल आहे, खोडता येते, असा नियम आहेच. त्यांनी मात्र पुढच्या वेळी चिठ्ठ्यांवर लिहीन, पुस्तकात नाही, असं आपणहून कबूल केलं आणि पुस्तक शालीखाली धरून पावसात उतरल्या.

संध्याकाळी गाडी लावल्यावर मी कादंबरी आणि खोडरबर घेऊन बसले. पुढच्या वाचकाची मागणी नोंदलेली होती, तिला पुस्तक स्वच्छ मिळायला हवं. आधी प्रत्येक टीप वहीत मराठीत उतरवून घेतली, पानाच्या आकड्यासह. मग एकेक खोडली. गुंड्या, शनिवार, सेलरी, लोबलीड, टोबियास. 'आम्ही आशा करतो' खोडायला वेळ लागला. तिथे पेन्सिल दाबून चालवली होती, कागदावर वळ राहिला. मग ती चाळीस पानं आली. तिथे खोडायला काही नव्हतं, तरी मी ती एकेक करून उलटली.